इक्कार : नांगर धरणारा

सणसरच्या आसपास उपासनेंत पवित्र शास्त्रांतून 'शेतकरी' हा शब्द वाचला, कीं ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा सात-बाऱ्यावर ज्याचें नांव आहे असा बागायतदार उभा राहतो. जो दुसऱ्याच्या शेतांत राबतो त्याला वाटतें, हें वचन आपल्यासाठीं नाहीं.

मूळ इब्री शब्द 'इक्कार' असा आहे. जुन्या करारांत तो सात वेळां येतो. अक्कादी भाषेंतला 'इक्कारु', म्हणजे नांगऱ्या, हा त्याचाच नातलग. यिर्मया ५१:२३ मध्यें मेंढपाळाबरोबर त्याचा कळप आहे आणि इक्काराबरोबर त्याची बैलजोडी. शेताचें नांव तेथें नाहीं. २ इतिहास २६:१० मध्यें उज्जीया राजाला भूमीची आवड होती. त्यानें रानांत पाण्याचीं टाकीं खोदलीं. गुरें त्याचीं, आणि इक्कार त्याच्या पदरीं होते. यशया ६१:५ मध्यें तर परके लोक इक्कार होऊन दुसऱ्यासाठीं राबतात. नोहाला मात्र हा शब्द लाविलेला नाहीं. तो 'भूमीचा मनुष्य' (उत्पत्ति ९:२०). तेव्हां इक्कार हा शब्द मालकी सांगत नाहीं, हातांतलें काम सांगतो. आपला सालगडी व वाटेकरी त्यांत सहज बसतात.

इंदापूर तालुक्याला हा भेद जुना आहे. १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांची नवी जमाबंदी येथूनच सुरू झाली. दप्तरांत खातेदाराचें नांव चढलें. त्याच्या गड्याचें चढलें नाहीं. पुढें १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, जिराइताचें बागाईत झालें, तरी पुष्कळांचें औत दुसऱ्याच्याच रानांत राहिलें.

आतां यिर्मया १४ पाहा. तिसऱ्या वचनांत थोरांचे चाकर रिकामीं भांडीं घेऊन परततात, लाजतात व मस्तकें झांकितात. चौथ्यांत जमीन भेगाळली आहे, आणि इक्कारही लाजून मस्तकें झांकितात. लाज कां? दुष्काळ कांहीं त्यांनीं आणिला नव्हता. मला वाटतें, ज्यानें बियाणें व बैल दुसऱ्याकडून आणिले, त्याला भेगाळलेल्या रानांत आधीं देणें दिसतें. हें वचनांत लिहिलेलें नाहीं. शब्दाच्या अर्थावरून मी काढितों. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना तें पटेल.

योएल १:११ व आमोस ५:१६ येथेंही इक्कार शोकांतच भेटतात. यिर्मया ३१:२४ मध्यें मात्र ते कळप घेऊन फिरणाऱ्यांसह यहूदांत सुखानें वसतात. उपदेशक बंधूंनीं हीं वचनें वाचतांना एकदां 'नांगर धरणारे' असें म्हणून पाहावें, आणि मागें बसलेल्यांपैकीं कोण मान वर करितो तें लक्षांत घ्यावें.