सांधा बदलल्यावर हाडांचे औषध : खर्च किती, गरज कोणाला?

धार-देवासहून इंदूरला जाऊन गुडघा किंवा खुबा बदलून आलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘वर्षाला एक सलाईन घेतलं की सांधा जास्त टिकतो म्हणे, घ्यावं का?’ हा सल्ला निराधार नाही, पण तो सरसकट सगळ्यांसाठीही नाही. आधी तपासणीवर खर्च करा, मग औषधावर.

औषध काय करते?

कृत्रिम सांधा बसला की शरीराचा बराच भार धातू उचलतो. शेजारच्या हाडावरचा ताण कमी होतो आणि ते विरळ होऊ लागते. पहिल्या सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत ही घट जास्त असते. पुढे काही वर्षांनी प्लास्टिकच्या अस्तराचे सूक्ष्म कण झडतात आणि त्यांच्यामुळे हाड झिजवणाऱ्या पेशी जोर धरतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे सलाईन या पेशींना आवर घालते. सांध्याभोवतीच्या हाडाची घट त्याने कमी होते, हे अभ्यासांत दिसले आहे. सांध्याचे आयुष्य वाढते, हे मात्र अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. सैल झालेला सांधा तर औषधाने घट्ट होत नाही. म्हणून मुळातच हाडे ठिसूळ असतील, तर औषधाची गरज पक्की. नसतील, तर डॉक्टरांना कारण विचारा.

अंदाजे खर्च

- डेक्सा (हाडांची घनता) : दीड ते साडेतीन हजार रुपये.
- ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) : मिळून दीड ते तीन हजार.
- अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मि.ग्रॅ. : आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला ५२ गोळ्या. ब्रँडनुसार वर्षाचे काही हजार. जनऔषधी केंद्रात औषधाचे मूळ नाव सांगून चौकशी करा.
- झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मि.ग्रॅ. : वर्षातून एकदा. ब्रँडनुसार दोन-अडीच हजारांपासून दहा हजारांच्या पुढे. खाट आणि सलाईन लावण्याचे शुल्क वेगळे.

ब्रँड बदलला की किंमत कितीतरी बदलते. चिठ्ठीवर मूळ नाव लिहून घ्या आणि दोन दुकानांत भाव विचारा. तुलनेसाठी : २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या साध्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये, अधिक जीएसटी, अशी बांधली. दुसऱ्यांदा बदलाव्या लागणाऱ्या सांध्यासाठी तीच मर्यादा १,१३,९५० रुपये होती.

धारकरांनी हे सांगाच

धार जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायलेल्यांची हाडे डेक्सात दाट दिसू शकतात, पण आतून ती कमकुवत असतात. आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. लहानपणापासून कोणत्या गावच्या विहिरीचे वा बोअरचे पाणी प्यायलात, दातांवर डाग आहेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

घेण्याआधी

मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल, तर ही औषधे बहुधा टाळतात. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आधी ते भरून काढतात. दात काढायचा असेल, तर तो आधी काढा. या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड बरे होत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, खायचे नाही. चहासोबत घेतली, तर ती अंगी लागत नाही. पहिल्या सलाईननंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. गोळ्यांची पाच वर्षे किंवा सलाईनची तीन वर्षे झाली, की पुढे चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारा. अतिदीर्घ वापरात मांडीचे हाड क्वचित मोडते. मांडीत नवे दुखणे सुरू झाले, तर थांबू नका, लगेच दाखवा.

सरकारी मदत

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना त्याचे संरक्षण आहे. योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची आहे आणि घरी गेल्यावर फक्त पंधरा दिवसांची औषधे देते. वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च आपलाच. शस्त्रक्रियेची तारीख घेताना तो हिशेबात धरा आणि डेक्सा त्याच फेरीत करून घ्या, म्हणजे इंदूरची वेगळी खेप वाचेल.