नवं घर, पाणी आणि आपला भिडस्तपणा

आपल्या मंडळातल्या कुणी नवं घर घेतलं की वास्तुशांतीला आपण सगळे आवर्जून जातो. स्वयंपाकघरातलं ग्रॅनाइट पाहतो, 'बेसमेंट केवढं मोठं आहे हो' म्हणतो, आणि सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन परत येतो. भिंतीच्या आत काय आहे हे कुणी विचारत नाही, कारण घरमालकानेही ते पाहिलेलं नसतं. हा लेख भिंतीच्या आतल्या गोष्टींविषयी आहे, आणि आमच्या स्वतःच्या चुकीविषयीही.

२०१४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत आमचं घर बांधून होत होतं, तेव्हा माझे सासरे पुण्याहून आले होते. सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून झालेली. साइटवर गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इथे पाणी कधी मारतात?" आपल्याकडे स्लॅब टाकला की त्यावर वाफे करून पाणी साठवायचं, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाइप धरायचा. सिमेंटला ताकद येण्यासाठी ओलावा लागतोच. मी त्यांना सांगितलं की इथलं घर लाकडाच्या सांगाड्याचं, त्यावर भुशा-चिरफळ्यांचे दाबून केलेले तक्ते, त्यावर हाऊसरॅपचा पातळ कागद आणि वरून व्हिनिलचं साइडिंग. इथे पाणी लागत नाही, उलट ते लांब ठेवायचं असतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग खिडकीवरनं आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडतं?" मी म्हणालो, "अण्णा, इथे सगळं कोडप्रमाणे असतं. सिटीचा इन्स्पेक्टर येतो."

नोव्हेंबरात क्लोजिंग झालं. पहिल्याच हिवाळ्यात वरच्या बेडरूमच्या खिडकीखाली हाताच्या पंजाएवढा पिवळट डाग दिसला. बिल्डरच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, नवं लाकूड वाळतं, होतं असं. मी डाग अडवणारं प्रायमर आणलं, दोन हात मारले आणि विसरून गेलो. तिसऱ्या वर्षी वसंतात त्याच जागी भिंत बोटाने दाबली तर आत गेली. साइडिंग काढलं तेव्हा खिडकीखालचे तक्ते ओल्या पुठ्ठ्यासारखे हातात आले. एकूण तीन खिडक्या तशा निघाल्या. दुरुस्तीचे अठरा हजार डॉलर खिशातून गेले. घराच्या इन्शुरन्सने हात वर केले. बांधकामातला निष्काळजीपणा आणि हळूहळू झिरपणारं पाणी या दोन्ही गोष्टी बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेल्या असतात. आपण ते पान वाचत नाही, एवढंच.

झालं काय होतं ते समजायला इंजिनियर असण्याची गरज नाही. ज्याने कोकणातलं कौलारू घर पाहिलं आहे त्याला ते लगेच कळेल. वरचं कौल नेहमी खालच्या कौलावर चढलेलं असतं; उलटं बसवलं तर पहिल्या पावसात पाणी घरात. खिडकीभोवतीच्या कागदाचा आणि पट्ट्यांचाही हाच नियम. आधी खालची पट्टी, मग बाजूच्या, सगळ्यात शेवटी वरची, आणि वरचा हाऊसरॅप खिडकीच्या वरच्या कडेवर बाहेरून उतरलेला. आमच्याकडे तो कडेच्या मागे खुपसलेला होता. साइडिंगमागे थोडंफार पाणी येतच असतं. ते कागदावरून खाली उतरत आलं आणि सरळ खिडकीच्या मागे गेलं. इथे हाऊसरॅप एक टोळी लावते, खिडक्या दुसरी बसवते, साइडिंग तिसरी. प्रत्येकाला कामाच्या मापाने पैसे. सांध्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही, आणि पाणी सांध्यातूनच येतं.

अशी चूक एका घरात झाली तर तिला हलगर्जी म्हणता येतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन भागात १९९५ च्या सुमारास ती गावभर सापडली. तिथल्या नव्या घरांवर कृत्रिम स्टको चढवलेला होता: लाकडी तक्त्यावर फोमचा थर, त्यावर ॲक्रिलिकचा गिलावा. दिसायला देखणा, उष्णता अडवायला उत्तम, आणि युरोपात दगडविटांच्या भिंतींवर चांगला टिकलेला. लाकडी सांगाड्यावर मात्र खिडकीच्या फटीतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच उरली नाही. चार-पाच वर्षांच्या, बाहेरून कोऱ्या दिसणाऱ्या घरांच्या भिंती आतून कुजलेल्या निघाल्या. पुढे मोठे खटले झाले, आणि पाणी निथळायला मागे जागा ठेवणारी पद्धत आली. जुन्या पद्धतीची घरं आजही विकायला येतात. नव्वदच्या दशकातलं स्टकोचं घर बघत असाल तर स्टको-ओलावा तपासणारा वेगळा इन्स्पेक्टर बोलवा. नेहमीचा इन्स्पेक्टर भिंतीच्या आतला ओलावा मोजतोच असं नाही.

'इथे कोड असतो' या माझ्या वाक्याविषयीही थोडं सांगायला हवं. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आलं तेव्हा तिथला बांधकामाचा कोड कागदावर कडक समजला जात असे. वादळानंतर पाहणी झाली तेव्हा अनेक छपरांचे तक्ते स्टेपल मारून बसवलेले निघाले, आणि त्यातले कित्येक स्टेपल खालच्या लाकडाला लागलेच नव्हते, बाजूला हवेत होते. पुढे तिथे छपराच्या तक्त्यांसाठी स्टेपल बंद झाले आणि २००२ पासून संपूर्ण राज्याला एक कोड लागू झाला. कोड चांगला असणं आणि तो तुमच्या छपरावर पाळला जाणं यात बरंच अंतर असतं. सिटीचा इन्स्पेक्टर पाया, सांगाडा, वायरिंग, प्लंबिंग अशा ठरलेल्या टप्प्यांवर येतो आणि दिवसात त्याला अशी बरीच घरं उरकायची असतात. त्याने दिलेलं राहण्याचं सर्टिफिकेट ही गॅरंटी नव्हे. त्याच्या नजरेतून काही सुटलं तर सिटी सहसा भरपाई देत नाही.

तेव्हा आपला इन्स्पेक्टर आपण नेमावा, आणि तो ड्रायवॉल लागण्याआधी न्यावा. हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी खर्च आहे: काही शे डॉलर. त्या आठवड्यात भिंती उघड्या असतात, खिडक्यांच्या पट्ट्या, पाइप, वायरी सगळं दिसतं. ड्रायवॉल लागलं की पुढची तीस वर्षं काही दिसणार नाही. मात्र ही तपासणी करता येईल असं बिल्डरच्या करारात आधीच लिहून घ्या. सही झाल्यावर विचारलं तर काही बिल्डर साइटवर पाय ठेवू देत नाहीत. भरपूर फोटोही काढून ठेवा. पुढे भिंतीत खिळा ठोकतानाही ते कामाला येतात. छप्पर जिथे भिंतीला टेकून संपतं तिथे पाणी गटारात वळवणारा पत्र्याचा छोटा तुकडा आहे का, बाथरूमच्या पंख्याची नळी बाहेर काढली आहे की ॲटिकमध्येच सोडून दिली आहे, आणि घराभोवतीची माती पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतरती आहे का, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. मातीचा उतार चुकला की बेसमेंटमध्ये पाणी आलंच.

वॉरंटीविषयी सांगतो, कारण आमचे पैसे तिथे बुडाले. न्यू जर्सीत १९७७ च्या कायद्याने नव्या घराला दहा वर्षांची वॉरंटी मिळते, हे सगळे अभिमानाने सांगतात. पण साध्या कारागिरीची आणि मालाची हमी फक्त पहिलं वर्ष. वायरिंग, प्लंबिंग, हीटिंग यांची दोन वर्षं. दहा वर्षं असतात ती घराच्या मुख्य आधाराला धोका निर्माण करणाऱ्या मोठ्या दोषांसाठी. खिडकीखालची कूज त्यात बसली नाही. पहिल्या हिवाळ्यात मी प्रायमर मारला नसता आणि रजिस्टर्ड पत्र पाठवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून अकराव्या महिन्यात पुन्हा इन्स्पेक्टर बोलवा आणि यादी लेखी पाठवा. फोनवरच्या बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही. आणखी एक: न्यू जर्सीत वॉरंटीची तक्रार रीतसर सुरू केली की कोर्टात जाण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. नुकसान मोठं असेल तर फॉर्म भरण्याआधी वकिलाला दाखवा. आम्ही वकिलाकडे गेलो होतो. दावा करता येईल म्हणाले, पण तज्ज्ञांच्या अहवालांचा हिशेब ऐकून गप्प परत आलो. इतर राज्यांत मुदती वेगळ्या आहेत, आपापल्या राज्याचं पाहून घ्यावं.

आता बेसमेंट फिनिश करणं किंवा स्वयंपाकघर बदलणं. इथे आपला भिडस्तपणा नडतो. ओळखीच्याने दिलेला माणूस असतो, 'रोख दिलेत तर एवढे कमी' म्हणतो, आणि लेखी मागितलं तर त्याला वाईट वाटेल असं आपल्याला वाटतं. वाटू द्या. न्यू जर्सीत पाचशे डॉलरच्या वरचं घरकाम लेखी करारावरच व्हायला हवं, आणि कराराची प्रत हातात आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरने हजार डॉलर किंवा एकूण रकमेच्या दहा टक्के, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त आगाऊ घेणं कायद्याने मना आहे. तुमच्याकडे अर्धे पैसे आधी मागत असेल तर कारण विचारा. कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे द्या आणि शेवटचा हप्ता किरकोळ यादीसकट सगळं पुरं झाल्याशिवाय सोडू नका. शिवाय त्याने प्लंबरला किंवा लाकूडवाल्याला पैसे दिले नाहीत तर पुष्कळ राज्यांत ते लोक तुमच्या घरावर बोजा चढवू शकतात, तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पैसे चुकते केलेले असले तरीही. दर हप्त्याबरोबर त्यांची बोजा सोडल्याची लेखी पावती मागा.

परमिट टाळण्याचा मोह धरू नका. घर विकताना ते बाहेर येतंच. आणि आपल्या घरांत बेसमेंटची खोली बहुधा भारतातून आलेल्या आई-वडिलांना दिली जाते. तिथे माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी, आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नको. परमिट घेतलंत तर हे कुणी तरी पाहतं. नाही घेतलंत तर आग लागल्यावर कळतं की म्हाताऱ्या माणसांना वर यायला एकच जिना आहे.

भिंत ओली झालीच तर दोन दिवसांच्या आत वाळवायला हवी, नाही तर बुरशी धरते. तीन फूट बाय तीन फुटांहून लहान जागा असेल तर साबणपाण्याने स्वतः साफ करता येते. बुरशी धरलेलं ड्रायवॉल मात्र काढून टाकावं लागतं. त्यावर रंग मारला तर ती आत वाढत राहते. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्याच्याकडून करून घेऊ नका, आणि भिंत उघडताना त्याला घरात ठेवू नका.

शेवटी डेकचं. पूजेच्या दिवशी तीस-चाळीस माणसं जेवणाच्या ताटल्या घेऊन तिथेच उभी असतात. डेक ज्या फळीने घराला जोडलेला असतो ती जाड बोल्टांनी किंवा त्यासाठीच्या खास स्क्रूंनी बसवलेली हवी. नुसत्या खिळ्यांवर असेल तर ते हळूहळू सुटत येतात, आणि त्या फळीमागे पाणी जात असेल तर लाकूड आतून गेलेलं असतं. डेकखाली वाकून टॉर्चने पाहिलं तर हे दिसतं. आमच्याकडे खिडक्यांची दुरुस्ती करणाऱ्या सुताराने जाता जाता तेही दाखवलं, आणि त्या वर्षी गणपतीचं जेवण आम्ही हॉलमध्येच वाढलं.