सातबारा ब्राउझरांत उघडणें व उतरवून घेणें

सातबारा पडद्यावर दिसला म्हणजे तो आपल्या हातीं आला, असा पुष्कळ खातेदारांचा समज झालेला आढळतो. तो बरोबर नाहीं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठीं असतो. कर्जाच्या किंवा दाव्याच्या कामीं तो चालत नाहीं. डिजिटल सहीचा उतारा निराळा. त्यास १५ रुपये फी पडते, व त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची जरुरी नसते. (२०२४ पासून तलाठ्याचें पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालें आहे, परंतु गांवोगांव जुनेंच नांव तोंडीं आहे.)

कागद हातीं असण्याचें मोल आमच्या भागांत निराळें सांगावयास नको. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं संपादनांत आल्या. पुढें साडेबारा टक्के योजनेंत भूखंड मागतांना जुना सर्व्हे नंबर व वारसांचीं नांवें यांचा मेळ घालण्यांत कित्येक घरांचीं वर्षें गेलीं.

प्रथम पत्ता पाहावा. ब्राउझरच्या वरच्या पट्टींतील संकेतस्थळाचें नांव 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' असें संपलें पाहिजे. नुसतें 'सातबारा' लिहून शोध केल्यास दलालांचीं पानेंही समोर येतात. आपल्या मोबाइलवर येणारा तात्पुरता अंक कोणासही सांगूं नये.

नंतर जिल्हा, तालुका व गांव निवडावें. येथें आमचे लोक हमखास अडखळतात, कारण महसुली दप्तरांत नवी मुंबई नांवाचा तालुकाच नाहीं! घणसोली, कोपरखैरणें हीं गांवें ठाणें जिल्ह्याच्या ठाणें तालुक्यांत, तर खारघर, कामोठें हीं रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांत शोधावीं. सर्व्हे नंबर लिहिल्यावर हिश्शांची यादी निघते. तींतून आपलाच हिस्सा नेमका निवडावा, शेजाऱ्याचा नव्हे.

पैसे कापले गेले, पण खात्यांत जमा दिसत नाहींत, असें झाल्यास घाईनें पुन्हां भरूं नयेत. व्यवहार क्रमांकावरून आधीं स्थिति तपासावी. उतारा नव्या खिडकींत उघडतो, आणि ब्राउझर अशी खिडकी पुष्कळदां अडवून धरतो. पट्टीच्या टोकास तशी सूचना दिसली तर या स्थळापुरती परवानगी द्यावी.

आतां मुख्य गोष्ट. उघडलेलें पान मिटल्यावर तें गेलें. म्हणून डाउनलोडची खूण दाबून पीडीएफ फाइल उतरवून घ्यावी, आणि गांव, सर्व्हे नंबर व तारीख असें नांव तिला लगेच द्यावें. नाहींतर डाउनलोडच्या कप्प्यांत एकसारख्या नांवांच्या दहा फाइलींचा गोंधळ होतो. एक प्रत मोबाइलबाहेरही ठेवावी. डिजिटल सही फाइलींत असते, कागदावर नव्हे. पडद्याचा फोटो काढून पाठविणें म्हणजे सही गाळून पाठविणें होय.

ब्राउझर बहुधा ती सही तपासत नाहीं, नुसतें पान दाखवितो. फाइल दुसऱ्या वाचकांत उघडली असतां सहीजवळ प्रश्नचिन्ह दिसल्यास घाबरण्याचें कारण नाहीं. त्या वाचकास सही देणाऱ्याच्या प्रमाणपत्राची ओळख पटलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. खरी कसोटी उताऱ्यावरील पडताळणी क्रमांकाची. तो संकेतस्थळावर घातला कीं मूळ उतारा दिसतो. जमीन विकत घेतांना समोरच्यानें दिलेल्या छापील प्रतीवर विसंबूं नये. हा क्रमांक घालून दोन्हीं ओळीनें ताडून पाहावेत.

उतारा वाचतांना नांव व क्षेत्र पाहून थांबूं नये. 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा, कूळ किंवा हस्तांतरणाचे निर्बंध असतात, आणि भांडणें तेथूनच उद्भवतात. तेथें दिलेल्या फेरफार क्रमांकाचा उतारा काढून नोंद कशी झाली तें पाहावें. नुसता लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खालीं तहसीलदारांकडे अर्ज करावा व त्यास हा उतारा छापून जोडावा.