इंग्रजीतली विशेषणे

नाम म्हणजे काय ते आपण मागच्या पाठात पाहिले. आज विशेषण पाहू.

नामाबद्दल जास्त माहिती सांगतो तो शब्द विशेषण. नुसते 'बैल' म्हटले तर बैल डोळ्यांपुढे येतो, पण कोणता ते कळत नाही. खिलारी बैल, मारका बैल, दोन बैल, तो बैल असे म्हटले की ओळख पटते. बाजारात सारा पैसा ह्या ओळखीवर ठरतो. मारका की गरीब हे विचारल्याशिवाय शहाणा माणूस बैलाच्या दाव्याला हात लावत नाही.

इंग्रजीत विशेषणाला ॲड्जेक्टिव्ह म्हणतात. हे नाव जिभेवर बसले नाही तरी हरकत नाही. खरे पाहता इंग्रजी विशेषणे आपण रोज बोलतो. एस. टी. त फुल तिकीट आणि हाफ तिकीट मागतो. सेकंड हँड सायकल घेतो. चप्पल टाइट होते, नट लूज होतो, दुकानदार माल ओरिजिनल आहे म्हणून शपथ घेतो. ही सगळी विशेषणेच.

एका बाबतीत इंग्रजी विशेषण आपल्यापेक्षा सोपे आहे. आपण म्हणतो चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुली. इंग्रजीत गुड बॉय, गुड गर्ल, गुड चिल्ड्रन. मुलगा असो, मुलगी असो, एक असो की दहा, 'गुड' आहे तसेच राहते. आपल्याकडेही अशी न बदलणारी विशेषणे आहेत: लाल, कडू, जड, हुशार. लाल फेटा, लाल साडी, लाल मिरच्या. म्हणून इंग्रजी विशेषण मराठीत आले की ते 'लाल'च्या पंगतीला बसते. टाइट बूट आणि टाइट चप्पल असेच आपण म्हणतो, 'टाइटी चप्पल' कुणी म्हणत नाही. हे कुणी शाळेत शिकवलेले नाही, कानानेच ठरवले.

बदलणारी म्हणण्यासारखी दोन दर्शक विशेषणे आहेत. दर्शक म्हणजे बोट दाखवणारी. जवळच्या एका वस्तूला दिस, अनेकांना दीज. दूरच्या एका वस्तूला दॅट, अनेकांना दोज. दिस बुक म्हणजे हे पुस्तक, दीज बुक्स म्हणजे ही पुस्तके.

आता प्रकार किती? आपल्या व्याकरणात ठळक तीन मानतात: गुणविशेषण, संख्याविशेषण आणि सार्वनामिक विशेषण. इंग्रजी पुस्तकांत कुणी पाच सांगतो, कुणी आठ. आपल्याकडच्या शाळांत रेन आणि मार्टिन ह्यांचे इंग्रजी व्याकरण पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि 'बो जेस्ट' नावाची कादंबरीही त्यांनी १९२४ साली लिहिली. प्रकारांची नावे पाठ करण्यात मुलांचे तास जातात. आमच्या मते प्रौढ माणसाने त्या भरीस पडू नये. विशेषण कुठला प्रश्न सोडवते तेवढे पाहावे. कसा? हे विचारले की गुणविशेषण येते: गोड, उंच, जुना, स्वीट, टॉल, ओल्ड. हा प्रकार सोपा आहे, त्याला जास्त वेळ नको.

किती? हा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा. आपण म्हणतो पुष्कळ दूध आणि पुष्कळ माणसे. दोन्हींना 'पुष्कळ' चालते. इंग्रजी माणूस आधी विचारतो, ही वस्तू मोजायची की मापायची? माणसे, रुपये, शेळ्या मोजायच्या. दूध, पाणी, पीठ मापायचे. मोजायच्या वस्तू पुष्कळ असल्या तर मेनी, मापायची वस्तू पुष्कळ असली तर मच. मेनी मेन, मच मिल्क. तसेच थोड्याचे. मोजायला फ्यू, मापायला लिटल. सम मात्र दोन्हीकडे चालते: सम मेन, सम मिल्क.

आता खरी गोम पाहा. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' ह्यांत एका 'अ'चा फरक आहे, पण अर्थ उलटा होतो. 'अ फ्यू' म्हणजे थोडे का होईना, आहेत. नुसते 'फ्यू' म्हणजे नसल्यातच जमा. 'लिटल' आणि 'अ लिटल' ह्यांचेही तसेच. डॉक्टर 'अ लिटल होप' म्हणाले तर थोडी आशा आहे. 'लिटल होप' म्हणाले तर घरच्यांनी मन घट्ट करावे.

आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला नोकरीबद्दल इंग्रजी पत्र आले होते. त्यात जागांपुढे नुसते 'फ्यू' होते. वाचून दाखवणाऱ्याने सांगितले, "थोड्या जागा आहेत." बाप-लेक भाकरी बांधून निघाले. जाण्यायेण्यात दोन दिवस मोडले, भाड्याचे पैसे गेले, आणि तिथे गेल्यावर कळले की जागा जवळजवळ नाहीतच. पत्रात खोटे काही नव्हते. वाचणाऱ्याला शब्द येत होता, पण त्याच्या मागे 'अ' नाही ह्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

पुढची विशेषणे वाटणी करणारी. ईच आणि एव्हरी म्हणजे प्रत्येक. डोळ्यांच्या औषधावर 'टू ड्रॉप्स इन ईच आय' असे लिहिले असेल तर प्रत्येक डोळ्यात दोन थेंब, म्हणजे एकूण चार. एका डोळ्यात एक आणि दुसऱ्यात एक असे नव्हे. 'एव्हरी डे' म्हणजे दररोज. पण मध्ये 'अदर' हे दुसरे विशेषण शिरले, 'एव्हरी अदर डे' असे झाले, की अर्थ होतो एक दिवस आड. घाईत पहिला आणि शेवटचा शब्द वाचून मोकळे होणारे पुष्कळ असतात. औषधाच्या कागदावर मधला शब्द सोडू नये. डेली म्हणजे रोजचा, वीकली म्हणजे आठवड्याचा. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ह्या दुखण्यासाठी तिचा डोस वीकली असतो, आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. तेव्हा चिठ्ठीवर डेली आहे की वीकली, हे औषध देणाऱ्याकडून दोनदा वदवून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

दोघांपैकी कोणताही एक, ह्याला आयदर म्हणतात. दोघेही, ह्याला बोथ. दोघांपैकी एकही नाही, ह्याला नायदर. फॉर्मवर 'आयदर पेरेंट' असेल तर आई किंवा वडील, कुणाही एकाची सही चालते. 'बोथ पेरेंट्स' असेल तर दोघांनी जायला हवे, एका खेपेत काम होणार नाही.

हाच शब्द बँकेत भेटतो. नवरा-बायकोचे मिळून खाते असते त्याला जॉइंट खाते म्हणतात. जॉइंट हेही विशेषण, अर्थ सामाईक. पण तेवढ्याने काम भागत नाही. पैसे कुणी काढायचे, हे पुढच्या ओळीत लिहिलेले असते. तिथे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर दोघांपैकी कुणीही एकट्याने पैसे काढू शकतो, आणि एकजण गेला तर मागे राहणारा काढू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिले नाव ज्याचे, तो हयात असेपर्यंत त्यालाच अधिकार. दुसऱ्याला त्याच्यामागेच. 'जॉइंटली' असेल तर दोघांच्या सह्या लागतात. व्याकरणाचा काटेकोरपणा करायचा तर 'आयदर' आणि 'फॉर्मर' ह्यांच्यापुढे इथे नाम नाही, म्हणून ती इथे विशेषणे नव्हेत, नामाच्या जागी उभी आहेत. पण अर्थ तोच. नवरा आजारी पडून दवाखान्यात आहे, घरात पैसा नाही, खात्यात पैसा आहे, आणि पासबुकावर 'फॉर्मर' म्हणून बायकोला काढता येत नाही, ही वेळ येण्याआधी हा शब्द वाचलेला बरा. भगिनींनो, घरी गेल्यावर पासबुक काढून पाहाच.

इंग्रजीत पुष्कळ विशेषणांच्या पुढे 'इन' लावले की अर्थ उलटतो. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. कम्प्लीट म्हणजे पूर्ण, इनकम्प्लीट म्हणजे अपुरा. हे कळले की माणूस हुशारीने पुढचे शब्दही तसेच लावतो, आणि एका ठिकाणी घात होतो. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लॅमेबल' असे लिहितात. फ्लॅमेबल म्हणजे पेट घेणारा. मग इन्फ्लॅमेबल म्हणजे पेट न घेणारा? मुळीच नाही! दोन्हींचा अर्थ एकच, लगेच पेट घेणारा. इथले 'इन' नकाराचे नाही. लॅटिन भाषेत 'आत' अशा अर्थाचेही एक 'इन' आहे, ते हे. पेट न घेणाऱ्याला नॉन-फ्लॅमेबल म्हणतात. रॉकेलचा डबा असो की रंगात घालायचे टर्पेंटाइन, हा शब्द दिसला की विडी विझवूनच जवळ जावे.

गावावरून किंवा देशावरून झालेली विशेषणे दोन्ही भाषांत आहेत. नागपुरी संत्री, सोलापुरी चादर, तसे इंडियन, जपानीज, ब्रिटिश. इंग्रजीत ह्यांचे पहिले अक्षर नेहमी मोठ्या लिपीत काढतात. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून आपल्याकडून ते हमखास राहून जाते. असे विशेषण म्हणजे नुसती शोभा नव्हे. 'कोल्हापुरी' चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव कायद्याने शोभते. एका विशेषणावर कितीतरी कारागिरांची चूल पेटते.

तुलना करताना आपण 'पेक्षा' आणि 'सर्वांत' वापरतो. विशेषण तसेच राहते: उंच, त्याच्यापेक्षा उंच, सर्वांत उंच. इंग्रजीत विशेषणालाच शेपूट लागते: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. संस्कृतातही अशी शेपटे आहेत, लघुतर आणि लघुतम. त्यावरूनच 'तरतमभाव' हा शब्द आला. विशेषण लांबलचक असले तर इंग्रजी शेपूट न लावता आधी मोअर आणि मोस्ट लावते: मोअर ब्यूटिफुल, मोस्ट ब्यूटिफुल. काही मात्र रूपच पालटतात, ती पाठच करावी लागतात. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. 'मोअर बेटर' म्हणू नये. ते 'जास्त अधिक चांगले' असे होते.

अभ्यास. घरातली औषधाची एक बाटली, एक पासबुक आणि एक तिकीट घ्या. त्यांवरची इंग्रजी विशेषणे कुणाकडून तरी वाचून घ्या व वहीत देवनागरीत उतरवा. प्रत्येकापुढे ते कोणत्या नामाबद्दल सांगते ते लिहा. मग सांगा: तुमच्या गावच्या विहिरीत 'लिटल वॉटर' आहे की 'अ लिटल वॉटर'?