सायकलचा दिवा: झोत कुठे पडतो ते बघा

सायकलच्या दिव्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा ल्युमेनचा असतो आणि बहुतेक जण त्यावरूनच दिवा घेतात. शहरात, खांबावरच्या दिव्यांखाली, ते चालून जातं. तिथे आपण इतरांना दिसलो की झालं. पण वेल्ह्याकडचा रस्ता, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता किंवा एखाद्या कालव्याकडेची कच्ची वाट धरली की रस्ता दाखवायचं काम त्या एकट्या दिव्यावर येतं. अशा वेळी प्रकाश नेमका कुठे पडतो आणि किती वेळ टिकतो, हे दोन प्रश्न विचारूनच दिवा घ्यावा.

किती लांबचं दिसायला हवं, हे आपल्या वेगावरून काढता येतं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत दीडेक सेकंद जातो, तेवढ्यात सायकल १० मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी ब्रेक असले तरी थांबायला आणखी सहा-सात मीटर लागतात. म्हणजे सपाटीवर १७-१८ मीटर झाले. घाट उतरताना वेग ४० झाला की हेच अंतर ३० मीटरच्या पुढे जातं आणि खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर ४० मीटरही पुरत नाहीत. त्यामुळे घाट उतरणाऱ्याचा दिवा ५० मीटरवरचा खड्डा दाखवणारा असावा. तसा दिवा नसेल तर वेग दिव्याला झेपेल तेवढाच ठेवावा, यात तडजोड नको.

इथे खोक्यावरचं 'बीम डिस्टन्स' कामाला येईल असं वाटतं, पण ते मोजायची पद्धत माहीत असू द्या. टॉर्चसाठी जे एफएल-१ मानक वापरतात, त्यात प्रकाश ०.२५ लक्सवर उतरतो तिथपर्यंतचं अंतर धरतात. ०.२५ लक्स म्हणजे जवळपास पौर्णिमेचं चांदणं. उभं राहून झाड ओळखायला ते पुरतं, धावत्या सायकलवरून खड्डा ओळखायला नाही. खोक्यावर १५० मीटर लिहिलं असेल तर खात्रीचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त धरू नयेत.

आता झोताच्या आकाराकडे येऊ. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश आणि लक्स म्हणजे एखाद्या जागी प्रत्यक्ष पडलेला प्रकाश. टॉर्चसारखा गोल झोत हँडलवर बसवला की त्यातला मोठा भाग झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, रस्त्याच्या वाट्याला उरलेला येतो. जर्मनीत सायकलच्या दिव्यांसाठी कायदाच आहे. त्यानुसार झोताला वरून कापलेली कड हवी, १० मीटरवर निदान १० लक्स पडायला हवेत आणि समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. या नियमाला धरून दिवे बनवणाऱ्या बुश अँड म्युलर कंपनीचा आयक्यू-एक्स हा दिवा १०० लक्सचा आहे. तो ज्या तीन वॉटच्या डायनॅमोवर चालतो, त्यावरून ध्यानात येतं की आरसा नीट घडवला तर थोड्या विजेतही रस्ता लख्ख दिसतो. डांबरी रस्त्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. वरून कापलेल्या झोताचा ३००-४०० ल्युमेनचा दिवा गोल झोताच्या ८०० ल्युमेनपेक्षा जास्त उपयोगी पडतो. शिवाय आपल्या अरुंद रस्त्यांवर समोरून दुचाकी आली की तिच्या चालकाला डिपर द्यायची सोय सायकलला नसते. डोळे दिपलेला तो माणूस सरळ आपल्या अंगावर येऊ शकतो.

जंगलातली पायवाट असेल तर हिशेब वेगळा. तिथे करवंदीची फांदी तोंडाच्या उंचीवर येते आणि कापलेल्या झोतात ती दिसतच नाही. अशा वाटेसाठी रुंद, गोल झोत हवा. दोन्हीकडे भटकायचं असेल तर हँडलवर कापलेल्या झोताचा दिवा आणि हेल्मेटवर छोटा गोल झोताचा, ही जोडी चांगली.

या जोडीत दोघांची कामं मात्र वेगळी आहेत. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या बराच खाली असतो, त्यामुळे खड्ड्याची अलीकडची कड अंधारात राहते आणि पलीकडची उजळते. ती काळी रेघ लांबूनच दिसते. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या जवळपास रेषेत असल्यामुळे त्याची सावली आपल्याला दिसत नाही. त्याच रस्त्यावरचा खड्डा, रंग न मारलेला गतिरोधक, खचलेली साइडपट्टी, सगळं एकसारखं सपाट भासतं. म्हणून हेल्मेटचा दिवा एकटा कधीही वापरू नये. पण घाटाच्या वळणावर हाच दिवा हात देतो. उतरताना हँडल अजून सरळ असतं आणि त्याचा झोत दरीत जातो. मान वळवली की हेल्मेटचा दिवा वळणाच्या आतली बाजू दाखवतो. वळणावर सांडलेली खडी तिथेच असते.

पावसाळ्यात धुकं उतरलं की मात्र हेल्मेटचा दिवा बंद करावा. धुक्याचे थेंब त्याचा प्रकाश थेट डोळ्यांकडे परत पाठवतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हँडलवरचा दिवा मंद करून झोत किंचित खाली वाकवला तर रस्त्याची कड तरी सापडते. पहिल्या पावसानंतर उडणारे किडेही हेल्मेटच्या दिव्यावर झेपावतात आणि डोळ्यांत जातात, तेव्हा पारदर्शक काचेचा चष्मा बरोबर असू द्या. याच दिवसांत रात्री साप डांबरावर येतात. फुरशासारखा मातकट रंगाचा छोटा साप कडेच्या पाचोळ्यात चटकन ओळखू येत नाही. पंक्चर काढायला उतरताना पाय टेकायची जागा आधी उजळून बघावी.

बॅटरीच्या बाबतीत घरी बसून गुणाकार करा, बाजारातला निम्मा माल तिथेच गळून पडेल. सायकलच्या बऱ्याच दिव्यांत १८६५० नावाचे लिथियम सेल असतात, १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते, म्हणजे साधारण साडेबारा वॉट-तास. सेलवर ९९०० छापलं असेल तर तो आकडा खोटा समजा. एका वॉटला सरासरी १०० ल्युमेन धरले, तर ८०० ल्युमेनचा दिवा एका सेलवर दीड तास चालेल. मग एका सेलच्या दिव्यावर '३००० ल्युमेन, सहा तास' असं लिहिलेलं असेल तर ते कसं शक्य आहे? त्याला १८० वॉट-तास लागतील, म्हणजे चौदा-पंधरा सेल. प्रामाणिक कंपन्यांचे तासही जपून वाचावेत, कारण एफएल-१ मानकात प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. शेवटचे तास रस्ता दिसण्याइतके उजेडाचे नसतात.

डिसेंबरात पुण्याच्या आसपास संध्याकाळी साडेसहापासून सकाळी साडेसहापर्यंत अंधार असतो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तासांची मुदत आणि ४०० ला २७ तासांची, तेव्हा ती करणाऱ्यांना रात्र चुकत नाही. पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट त्यांना नियमानेच सक्तीचं आहे. अशा लांबच्या रात्रीसाठी दिवा घेताना तो पॉवरबँकेला जोडलेला असतानाही पेटतो का, हे दुकानातच बघून घ्या. बरेच दिवे चार्जिंगला लावले की विझतात किंवा अगदी मिणमिणतात. सुटा सेल बदलता येणारा दिवा त्याहून सोयीचा. वर्षभर रात्री चालवणाऱ्याने पुढच्या चाकात हब डायनॅमो बसवून घ्यावा. ६ व्होल्ट, ३ वॉट, चार्जिंगची कटकट नाही. टायरला घासणाऱ्या जुन्या बाटलीच्या डायनॅमोवरचा दिवा सायकल थांबली की विझायचा, हल्लीच्या दिव्यांत थांबल्यावरही काही मिनिटं उजेड राहील अशी सोय असते.

मागच्या दिव्याबद्दल थोडक्यात. काळोख्या रस्त्यावर तो स्थिर ठेवावा, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. लुकलुकणारा हवाच असेल तर तो दुसरा, जास्तीचा असू दे. पाऊचखाली किंवा जर्सीच्या टोकाआड तो झाकला जात नाही ना, हे कुणाला तरी मागून बघायला सांगा. घोट्याला परावर्तक पट्टी बांधा. वरखाली होणारी ती चकाकी दिसली की ड्रायव्हरला पुढे सायकल आहे हे लगेच कळतं. आणि आपल्या पुढच्यांच्या मागे दिवा असेलच असं धरू नका. ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर पहाटेच टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात. बाहेर आलेल्या उसाच्या टोकांना ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. वर काढलेला थांबण्याच्या अंतराचा हिशेब सगळ्यात जास्त इथे लागू पडतो.

पाण्यासाठी आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून संरक्षण. सह्याद्रीतल्या पावसाला आयपीएक्स-६ किंवा ७ घ्या आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते बघा. बहुतेक दिव्यांत पाणी तिथूनच शिरतं.

दिव्याची सगळ्यात खालची पायरी किती मंद आहे हेसुद्धा विचारावं, असा माझा आग्रह आहे. मे अखेर ते जून या दिवसांत घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडीकडे काजवे बघायला सायकलवरून जाणारे वाढले आहेत. काजव्याचं लुकलुकणं ही नर-मादीची बोली आहे आणि प्रखर उजेडात ती तुटते. तिथे सायकलवरून उतरून चालावं, आणि दिवा पाच-दहा ल्युमेनवर आणता येत नसेल तर त्यावर हात धरून फक्त पायापुरता उजेड ठेवावा.

घेतलेला दिवा निघण्याच्या आदल्या रात्री एकदा पूर्ण चार्ज करून गच्चीवर, पंख्याच्या वाऱ्यात, ज्या पायरीवर चालवणार त्या पायरीवर लावून विझेपर्यंत घड्याळ लावा. वारा नसेल तर दिवा तापून आपोआप मंद होतो आणि हिशेब चुकतो. जो वेळ येईल त्यातून पाव भाग वजा करून बेत आखा, आणि सकाळी परत पूर्ण चार्ज करा. खिशात एक छोटा कपाळाला बांधायचा दिवा ठेवा, तो चेन तुटली तर हात मोकळे ठेवतो. हंगाम संपल्यावर सेल पूर्ण रिकामा करून कपाटात टाकू नका. निम्मा भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघत जा.