मागचं दार

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वीस वर्षं मी साड्यांचं ऑनलाइन दुकान चालवलं. आता तू इथेच वधू-वर सूचक वेबसाइट काढतेयस, म्हणून हे सांगतोय. वकिलाकडे तर जायचंच आहे, पण त्याला काय विचारायचं हे आधी कळलेलं बरं.

न्यू जर्सीचा डेटा प्रायव्हसीचा कायदा १५ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. वर्षभरात राज्यातल्या किमान १,००,००० रहिवाशांची माहिती हाताळली तर तो लागतो. माहिती विकून पैसे किंवा मालावर सवलत मिळत असेल, तर २५,००० लोकही पुरतात. नुसते पैसे भरून घेण्यापुरती हाताळलेली माहिती त्या लाखात धरत नाहीत. पण ‘आपला धंदा लहान’ म्हणून निवांत राहू नकोस. नाव न नोंदवता नुसती साइट चाळून गेलेला माणूसही कुकीमुळे ओळखता येत असेल, तर तो मोजणीत येतो. इथले रोज २७४ वेगवेगळे लोक आले की वर्षाचे लाख होतात. आणि हो, हा कायदा ना-नफा संस्थांनाही सोडत नाही. आपल्या मराठी मंडळाच्या लोकांच्या कानावरही घाल.

आता माझी चूक ऐक. माझं प्रायव्हसीचं पान मी दुसऱ्या एका साइटवरून उचललं होतं. ‘तुमची माहिती आम्ही कुणालाही देत नाही’ असं त्यावर ठळक लिहिलेलं. कायदा येणार म्हणून एकदा बसून तपासलं, तर साइट बांधणाऱ्याने कधीकाळी टाकलेला जाहिरातीचा पिक्सेल सापडला. कुठल्या बाईने कुठली पैठणी किती वेळ पाहिली, ते त्यातून वर्षानुवर्षं जाहिरातवाल्यांकडे जात होतं. मी गिऱ्हाइकांशी खोटं बोलत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्याची लाज अजून वाटते.

म्हणून प्रायव्हसीचं पान शेवटी लिही. आधी मागचं दार बघ. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाब, ‘नेटवर्क’ उघड आणि आपली साइट चाळ. तुझ्या साइटच्या पत्त्याशिवाय दुसरे जे जे पत्ते दिसतील ते वहीत उतरव आणि प्रत्येकापुढे लिही: काय जातं, कशासाठी जातं, बदल्यात आपल्याला काय मिळतं. विक्री म्हणजे रोख पैसेच नव्हेत. मोबदल्यात मोलाचं काहीही मिळालं तरी कायदा तिला विक्रीच म्हणतो. कॅलिफोर्नियात २०२२ साली सेफोराला याच मुद्द्यावर १२ लाख डॉलर भरावे लागले. गिऱ्हाइकांची माहिती विकली जाते हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि ब्राउझरमधून येणारा ‘माझी माहिती विकू नका’ हा इशाराही पाळला नव्हता, असा राज्याचा आरोप होता. त्या इशाऱ्याला ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल म्हणतात. १५ जुलै २०२५ पासून न्यू जर्सीतही असा इशारा पाळावा लागतो. तुझी साइट तो ओळखते का, ते साइट बांधणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचार.

तुझ्या धंद्यात खरी जोखीम फॉर्मची आहे. धर्म, वांशिक मूळ, आरोग्य, नागरिकत्व किंवा इमिग्रेशनची स्थिती या गोष्टी कायद्याने संवेदनशील ठरवल्यात आणि त्यांच्यासाठी आधी स्पष्ट संमती लागते. आपल्याकडे लग्न जमवताना पहिला प्रश्न काय असतो? ‘एच-वन आहे की ग्रीन कार्ड?’ तो रकाना तू सवयीने टाकशील. टाकू नकोस. दोन्ही घरं बोलायला बसतील तेव्हा विचारतील आपसात. धर्म वगैरे विचारायचंच असेल तर तिथेच, त्या कारणापुरती, वेगळी संमती घे. आधीच टिक केलेली चौकट नको. दिलेली संमती काढून घेणं तितकंच सोपं ठेव, आणि कुणी ती काढली की १५ दिवसांच्या आत तो वापर थांबायला हवा.

‘माझी माहिती दाखवा, दुरुस्त करा, पुसा’ असा अर्ज आला तर उत्तराला ४५ दिवस असतात. लग्न जमलेल्या मुलीने स्थळ काढायला सांगितलं तर तू मात्र चार दिवसांत काढ. तिचा फोटो महिनाभर लोकांसमोर राहणं बरं नाही. पुण्याची जी कंपनी साइट सांभाळणार आहे तिच्याशी लेखी करार कर. पुसलेली माहिती तिच्याकडूनही पुसली गेली पाहिजे.

दंड पहिल्या उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला २०,००० पर्यंत. कारवाई राज्याचे ॲटर्नी जनरल करतात.

रविवारी लॅपटॉप घेऊन घरी ये. काकू जेवायला करेल. आपण दोघं बसून ती वही भरू, आणि ती भरेपर्यंत साइट सुरू करू नकोस.