फाटक कुरकुरलं नाही, म्हणून?

'स्लायडर्स' (१९९५-२०००) ही अमेरिकन मालिका पाहिलेले दोघे भेटले की वाद ठरलेला : शेवटी सोबत गेला तो प्राध्यापक आर्टुरो खरा की दुसऱ्या विश्वातला?

क्विन आणि त्याचे साथीदार समांतर विश्वांतून आपली पृथ्वी शोधत फिरतात. १९९६ च्या एका भागात ते क्विनच्या घरापाशी पोचतात. वेळ थोडा, खूण एकच : कुरकुरणारं फाटक. ते कुरकुरत नाही, म्हणून मंडळी निघून जातात. फाटक नुकतंच दुरुस्त झालंय, हे फक्त आपल्याला कळतं! घर खरं होतं, चाचणी कच्ची होती. यालाच 'फॉल्स निगेटिव्ह' म्हणतात.

त्याच वर्षी दुसऱ्या एका भागात दोन आर्टुरोंची झटापट होते. एक पुढच्या विश्वात जातो, एक मागे राहतो. कोणता गेला, हे मालिकेत स्पष्ट होत नाही. चेहरा-आवाज दोघांचे सारखेच, म्हणजे ती खूण बाद. तपासायचं ते दोघांत वेगळं असेल तेच. उदाहरणार्थ, एकत्र प्रवासातली आठवण.

तेव्हा प्रॅक्टिकलला एकाच रीडिंगवरून निष्कर्ष लिहिताना ते फाटक आठवा. आणि आर्टुरोबद्दल तुमचं काय मत? पुरावा घेऊन या, मग बोलू!